फोटोशॉप, क्रिता की प्रोक्रिएट? आधी चित्र कुठे जाणार ते ठरवूया

जून उजाडला की आमच्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो खालच्या मजल्यावरून आला. तिथल्या मुलीला बारावीनंतर कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला, विषय इलस्ट्रेशन. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्हीला ए ग्रेड, पोस्टर कलरवर हात बसलेला, पण संगणकावर आजवर शाळेतल्या पेंटपलीकडे काही उघडलेलं नाही. संध्याकाळी तिचे बाबा तिला घेऊन वर आले ते एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड करूनच. आयपॅडचे इतके, त्याच्या पेन्सिलीचे इतके, फोटोशॉपचे वर्षाचे इतके. खाली बेरीज, आणि बेरजेखाली दोनदा ओढलेली रेघ.

"ताई, एवढं सगळं लागतंच का हो?"

लागत नाही. पण नुसतं तेवढं सांगून त्यांना परत पाठवणं मला बरं वाटेना. मुलीला सीनियर्सनी एक सांगितलेलं, यूट्यूबवर तिनं दुसरंच पाहिलेलं, आणि बाबांच्या ऑफिसमधल्या कुणीतरी "फोटोशॉप आलं म्हणजे सगळं आलं" असं ठासून सांगितलेलं. मी १७ वर्षं पुण्यात राहून पुस्तकांची, मासिकांची चित्रं काढते. या काळात माझ्या टेबलावर पाच-सहा सॉफ्टवेअर आली आणि गेली. दोन संध्याकाळी बसून आम्ही जे बोललो ते इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न दरवर्षी कितीतरी घरांत पडतो आणि त्यावर बरेच पैसे चुकीच्या जागी खर्च होतात.

मी त्यांना पहिल्यांदा विचारलं, चित्र जाणार कुठे? दिवाळी अंकात छापलं जाणार, फोनच्या पडद्यावरच राहणार, की लहान मुलांच्या पुस्तकाची ३२ पानं होणार? हे ठरलं की अर्धी सॉफ्टवेअर आपोआप गळतात. उरलेल्यांतली काही घरातलं यंत्र गाळून टाकतं. सॉफ्टवेअरचं नाव सगळ्यात शेवटी येतं.

दुसुती आणि रांगोळी

आधी मूळ फरक. आमच्या आईच्या पिढीनं दुसुतीवर फुल्याफुल्यांचं भरतकाम केलेलं आहे. दुसुती म्हणजे चौकटींची जाळीच. एका चौकटीत एक फुली, एका फुलीला एक रंग. लांबून मोर दिसतो, जवळ गेलं की नुसत्या फुल्या. संगणकावरच्या रास्टर चित्राचं तसंच आहे, त्यातल्या चौकटीला पिक्सेल म्हणतात. रुमालावर भरलेला मोर पलंगपोसाएवढा करायचा झाला तर फुल्याच मोठ्या कराव्या लागतात, आणि मग मोराच्या मानेचा सुंदर बाक जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसायला लागतो.

ठिपक्यांच्या रांगोळीचं गणित वेगळं. ठिपके कुठे आहेत, कुठल्या ठिपक्यापासून कुठल्याला रेघ न्यायची आणि तिला बाक किती द्यायचा, एवढंच आपण लक्षात ठेवतो. तीच रांगोळी उंबऱ्यापाशी काढा नाहीतर शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात काढा, ठिपक्यांमधलं अंतर वाढवलं की झालं, बाक तसाच राहतो. हे व्हेक्टर. त्या बाकाच्या गणिताला बेझिए कर्व्ह म्हणतात. पिएर बेझिए हे रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनिअर, त्यांनी ते मोटारींच्या अंगाचे बाक आखायला वापरलं, म्हणून रेघेला त्यांचं नाव.

फोटोशॉप, क्रिता, प्रोक्रिएट, आयबिसपेंट ही सगळी मुळात दुसुतीवाली. इलस्ट्रेटर आणि इंकस्केप रांगोळीवाली. क्लिप स्टुडिओ पेंट मुळात दुसुतीवालंच, पण त्यात रेघांसाठी व्हेक्टरचा वेगळा लेअर, म्हणजे पारदर्शक कागदासारखा वर ठेवायचा थर, घेता येतो. अफिनिटीत दोन्ही आहे.

आता तुमचा हात कुठला, ते बघा. शि. द. फडणिसांची चित्रं डोळ्यांसमोर आणा. आपल्यातल्या कितीतरी जणांना ती पहिल्यांदा गणिताच्या पाठ्यपुस्तकात भेटली. नेमकी, बंद होणारी बाह्यरेषा आणि आत सपाट रंग. असा हात व्हेक्टरमध्ये रमतो. रघुवीर मुळगावकरांची मऊ, एकमेकींत विरत जाणारी छटा आठवली तर तिला दुसुतीच हवी, कारण तिथे प्रत्येक चौकटीचा रंग शेजारणीपेक्षा किंचित वेगळा असावा लागतो. इलस्ट्रेशन शिकणाऱ्या बहुतेक मुलांचं पहिलं वर्षभराचं काम रास्टरमध्येच होतं. बोधचिन्ह, पाट्या, नकाशे, मोठे फ्लेक्स अशी कामं आली की व्हेक्टर शिकायचं. तोवर घाई नाही.

एका कागदाचं वजन

छापायचं चित्र साधारण ३०० डीपीआयला करतात, म्हणजे कागदाच्या एका इंचात ३०० चौकटी. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. तो ३०० डीपीआयला उघडला की २४८० बाय ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख चौकटी होतात. प्रत्येक चौकटीला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून चार बाइट. गुणाकार केला की एक पूर्ण भरलेला लेअर जवळजवळ ३५ एमबीचा होतो. तुम्ही २० लेअर भरले तर ७०० एमबी. कागद ए-३ केला की हे सगळं दुप्पट. रिकामी जागा सॉफ्टवेअर वाचवतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी येतो, पण अनडूच्या आठवणी, ब्रश आणि मागे उघडं ठेवलेलं ब्राउझर यांचीही जागा त्याच रॅममधून, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या स्मृतीतून, जाते.

ही आकडेमोड मी मुद्दाम बाबांच्या पत्रिकेवरच केली. बाबांना वाटत होतं की महाग सॉफ्टवेअर घेतलं की लॅपटॉप पळेल. लॅपटॉप रॅमवर पळतो. ४ जीबी रॅमवर कुठलंही सॉफ्टवेअर ए-३ चित्राला धापा टाकतं. ८ जीबीवर पहिलं वर्ष निभतं, १६ असेल तर निवांत. हातात हजारो रुपये असतील आणि लॅपटॉपची रॅम वाढवता येत असेल तर ते पैसे आधी तिथे घाला.

प्रोक्रिएट हीच मर्यादा उघड दाखवतं. कॅनव्हास मोठा घेतला की तुमच्या आयपॅडवर किती लेअर मिळतील तो आकडा खाली येतो. काही मुलं लेअर जास्त मिळावेत म्हणून कागद लहान घेतात आणि वर्षाअखेरीस प्रदर्शनासाठी मोठा प्रिंट काढायला गेल्यावर रडवेली होतात. ७२ डीपीआयचा ए-४ म्हणजे ५९५ बाय ८४२, जेमतेम पाच लाख चौकटी. ८७ लाखांच्या जागी पाच लाख. त्यातून प्रिंट नीट येणार नाही, मग सॉफ्टवेअर कितीही नावाजलेलं असो.

भिंगाखालचा कावळा

रंगांबद्दल मी सगळ्यात जास्त बोलते, कारण ते मी ठेच लागून शिकले.

सुरुवातीच्या वर्षांत एका अंकाचं मुखपृष्ठ केलं होतं. पोपटी शेत, मागे शेंदरी सूर्य, बांधावर एक कावळा. लॅपटॉपवर ते पोपटी असं झळाळत होतं की मी रात्री उठून पुन्हा एकदा पाहिलं होतं. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात पहिली शीट बाहेर आली आणि शेत शेवाळ्याच्या रंगाचं दिसलं. मी म्हटलं, शाई कमी पडली असेल. मशीनवरच्या काकांनी काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. भिंगाखाली शेत नव्हतंच. निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे बारीक ठिपके फुलांच्या पाकळ्यांसारखे गोल मांडून बसले होते. मग कावळ्याच्या पायावर भिंग ठेवलं. माझ्या बारीक काळ्या रेघेच्या एका अंगाला किरमिजी किनार आणि दुसऱ्या अंगाला निळसर. चूक छापखान्याची नव्हती. फाइल मी तशीच दिली होती.

काय झालं होतं, ते सांगते. पडदा प्रकाश फेकतो. लाल, हिरवा आणि निळा दिवा मिसळून तो रंग बनवतो, त्याला आरजीबी म्हणतात. कागदावरची शाई उलट काम करते, ती प्रकाशातला काही भाग शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे पाठवते. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाया, म्हणून सीएमवायके. दिव्यानं जो झगझगीत पोपटी, शेंदरी किंवा गडद निळा दाखवता येतो, तो या चार शायांतून निघूच शकत नाही. मग संगणक त्याच्या जवळचा, शाईला जमणारा रंग निवडतो, आणि तो मळकट वाटतो.

कावळ्याची गोष्ट त्याहून बारीक आहे. पडद्यावरचा काळा सीएमवायकेत बदलला की तो निव्वळ काळ्या शाईचा राहत नाही, चारही शायांचं मिश्रण होतो. प्रत्येक शाईची एक, अशा चार प्लेट चार वेळा कागदावर टेकतात. त्यातली एक केसभर सरकली की जाड आकारात काही कळत नाही, पण बारीक रेघेला रंगीत किनार येते. म्हणून रेघांचा लेअर रंगांपासून नेहमी वेगळा ठेवा. अंक लावणारा मग तो फक्त काळ्या प्लेटवर टाकू शकतो.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. फोटोशॉपमध्ये सीएमवायके सगळ्यात पक्कं आहे. क्रितात ते आहे, आणि फुकट सॉफ्टवेअरच्या मानानं फार चांगलं आहे. प्रोक्रिएटमध्ये आहे, पण कॅनव्हास उघडतानाच ठरवावं लागतं. क्लिप स्टुडिओत रंगवायचं आरजीबीतच, सीएमवायकेची झलक बघता येते आणि बाहेर काढताना बदलता येतं. माझी स्वतःची पद्धत अशी: काम आरजीबीत करायचं, अधूनमधून छपाईची झलक चालू करून रंग तपासायचे, मूळ फाइल तशीच जपायची आणि बदल फक्त शेवटच्या प्रतीवर करायचा. छापखान्याला फोन करून त्यांना कुठला कलर प्रोफाइल, म्हणजे रंग बदलण्याचा कुठला ठरलेला तक्ता, हवा ते विचारा. विद्यार्थी म्हणून विचारलं तर लोक प्रेमानं सांगतात, असा माझा पुण्यातला अनुभव आहे.

चित्र फक्त पडद्यासाठी असेल तर हा सगळा भाग तुम्हाला लागू नाही.

"विद्यार्थ्यांना" लिहून बघा

परदेशी लेखांत ही परीक्षा सापडत नाही, पण आपल्याला ती रोज द्यावी लागते. सॉफ्टवेअर उघडा, मजकुराचं साधन घ्या आणि युनिकोड मराठीत, म्हणजे फोनवर करतो तसाच, एकच शब्द टाइप करा: विद्यार्थ्यांना. या एका शब्दात व्यंजनाच्या आधी बसणारी ऱ्हस्व वेलांटी आहे, द्य आहे, रफार आहे, थ्य आहे आणि डोक्यावर अनुस्वार आहे. वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसली, किंवा जोडाक्षर मोडून हलन्त दिसू लागला, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी येत नाही किंवा तिचं सेटिंग बंद आहे.

देवनागरीत टाइप केलेली अक्षरं ज्या क्रमानं येतात त्या क्रमानं दिसत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअरच्या आत ती जुळवणारं वेगळं इंजिन लागतं. संगणकावर भारतीय लिप्या आणण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेनं इथूनच ते काम उचललं. श्री-लिपी हे भारतीय भाषांच्या फॉन्टचं सॉफ्टवेअरसुद्धा पुण्याचंच. पण युनिकोडच्या आधीच्या त्या काळातले फॉन्ट आणि आजचा युनिकोड मजकूर एकमेकांना ओळखत नाहीत, आणि अजून कितीतरी ठिकाणी मजकूर जुन्या फॉन्टमध्येच येतो. तो तुमच्याकडे आला आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर घाबरू नका, आधी कुठला फॉन्ट आहे ते विचारा.

फोटोशॉपमध्ये अक्षरं मोडत असतील तर प्रेफरन्समधल्या टाइपच्या पानावर जा. नव्या आवृत्तीत "वर्ल्ड-रेडी", जुनीत "साउथ एशियन" असा पर्याय असतो, तो निवडून नवा मजकूर टाका. निम्म्याहून जास्त वेळा तेवढ्यानं काम होतं. इंकस्केप फुकट असूनही देवनागरी उत्तम जुळवतं. अफिनिटीच्या जुन्या आवृत्त्यांत आपली जोडाक्षरं मोडत असत, त्यामुळे नवी उतरवलीत तर पहिल्याच दिवशी वरची परीक्षा घ्या. क्रिता आणि क्लिप स्टुडिओतही मी मजकुरावर भिस्त ठेवत नाही. शीर्षक इंकस्केपमध्ये लावायचं, अक्षरांचे आकार करून घ्यायचे आणि ते चित्रात आणायचे. मुक्त परवान्याचा मुक्तासारखा युनिकोड फॉन्ट वापरलात तर परवानगीचाही प्रश्न राहत नाही. आणि हातात वळण असेल तर शीर्षक स्वतःच लिहा. मला तेच सगळ्यात आवडतं.

मग नावं

फोटोशॉप १९९० चं. ते मुळात फोटोंसाठी बनलं, चित्रकारांनी ते नंतर आपलंसं केलं. आजही जाहिरात संस्था, प्रकाशनं आणि छापखाने यांची बोलीभाषा तीच आहे. नोकरी करायची तर ते यावं लागतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण यावं लागतं म्हणून पहिल्या वर्षी घरी विकत घ्यावं लागतं असं नाही. २०१३ पासून फोटोशॉपच्या अडोबी कंपनीनं नव्या आवृत्त्या एकदाच विकणं बंद केलं, आता सगळं भाड्यानं. भाडं थांबलं की काम थांबतं. विद्यार्थ्यांना सवलत असते, पण पहिल्या वर्षानंतर दर वाढतो का, आणि "वार्षिक करार, मासिक हप्ता" असं मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांपोटी किती कापतात, हे दोन मुद्दे बाबांनी स्वतः वाचावेत. कॉलेजच्या लॅबमध्ये फोटोशॉप असेल तर आठवड्यातले चार तास तिथे बसा आणि लेअर, मास्क, ॲडजस्टमेंट या तीन गोष्टी पक्क्या करा.

क्रितावर माझा जीव आहे, ते लपवत नाही. चित्रकारांसाठीच बनलेलं, मुक्त, फुकट. स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, मोठ्या पडद्याच्या अँड्रॉइड टॅबवरही चालतं, फोनवर मात्र नाही. त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवलं तर पैसे पडत नाहीत. विंडोजच्या स्टोअरमध्ये त्याची किंमत दिसते, ती देणगीसारखी आहे, सॉफ्टवेअर तेच. रंगवताना पेनाचं उजवं बटण दाबलं की बोटाखाली ब्रश आणि रंगांचं चक्र उघडतं. एम दाबला की चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटतं आणि चेहऱ्याचा तिरकेपणा लगेच पकडता येतो. उणिवाही आहेत: फार मोठा ब्रश जुन्या लॅपटॉपवर अडखळतो, आणि फोटोवरची कामं फोटोशॉपइतकी सहज होत नाहीत.

प्रोक्रिएट २०११ सालचं, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचं. एकदाच पैसे, तेही थोडे, आणि हाताला इतकं गोड की सोडवत नाही. पण ते फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं. खरा खर्च ॲपचा नसून आयपॅड आणि पेन्सिलीचा आहे, आणि कुठल्या आयपॅडला कुठली पेन्सिल चालते हे न बघता घेतलेली पेन्सिल मी पाहिली आहे. घरी आयपॅड आधीच असेल तर डोळे मिटून प्रोक्रिएट घ्या. फक्त त्यासाठी कर्ज काढून आयपॅड घेऊ नका, पहिल्या वर्षी तर नाहीच.

क्लिप स्टुडिओ पेंट जपानी, कॉमिक्सवाल्यांचं लाडकं. चित्रकथा करायच्या असतील तर याला तोड नाही. दोन रेघा एकमेकींच्या पुढे गेल्या तर छेदाबाहेरचा तुकडा एका स्पर्शात पुसता येतो, आणि रात्री दोन वाजता हे किती मोठं सुख आहे ते फुल्या पुसणाऱ्यालाच कळतं. विंडोज-मॅकवर एकदाच पैसे भरून ती आवृत्ती मिळते, टॅबवर भाडं पडतं. बरीच पानं एकाच फाइलमध्ये हवीत तर महागडी ईएक्स आवृत्ती लागते, प्रोमध्ये ती सोय नाही.

अफिनिटी २०२४ साली कॅनव्हा या कंपनीनं विकत घेतलं आणि २०२५ च्या शेवटी फुकट केलं. मांडणी, व्हेक्टर आणि फोटो एकत्र हवेत तर जरूर बघा, निव्वळ रंगवायला मात्र मी ते घेणार नाही. फोनवर बोटानं काढायचं असेल तर आयबिसपेंट. जाहिराती सोसाव्या लागतात, पण बसच्या प्रवासात स्केच होतं. ॲनिमेशनची आवड असेल तर क्रितात चौकटीमागून चौकट काढता येते, सुरुवातीला तेवढं पुरे.

कुणाच्या पेनड्राइव्हवरून क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, घेऊ नका. मी घेतला होता. त्यासोबत आलेल्या व्हायरसनं माझं एका सत्राचं काम गेलं, सबमिशनच्या आदल्या आठवड्यात.

फाइल तुमच्याच हातात राहू द्या

प्रत्येक सॉफ्टवेअरची आपली फाइल असते. क्रिताची केआरए, क्लिप स्टुडिओची क्लिप, प्रोक्रिएटची प्रोक्रिएट. यातली एक दुसऱ्यात सरळ उघडत नाही. पीएसडी ही मधली भाषा, जवळजवळ सगळे ती वाचतात आणि लिहितात, मात्र काही इफेक्ट आणि मजकूर वाटेत बदलतात. म्हणून महत्त्वाच्या चित्राच्या तीन प्रती ठेवा: मूळ फाइल, लेअरसकट पीएसडी, आणि सपाट पीएनजी किंवा टीफ. जेपीजी छपाईच्या मूळ प्रतीसाठी ठेवू नका, प्रत्येक वेळी सेव्ह करताना ती थोडा तपशील टाकून देते.

एक युक्ती सांगते. क्रिताची फाइल ही खरं तर झिप असते. कधी बिघडली आणि उघडेना, तर तिची प्रत करून नावाच्या शेवटचं केआरए काढा, तिथे झिप लिहा आणि उघडून बघा. आत लेअर विलीन झालेलं पीएनजी सापडण्याची चांगली शक्यता असते. एका मुलीचं जुरीचं चित्र आम्ही असंच बाहेर काढलं होतं.

जुरीवरून आठवलं. हल्ली परीक्षक चित्र कसं घडलं ते विचारतात, आणि एआयच्या काळात त्यांनी विचारायलाच हवं. प्रोक्रिएट कामाचं रेकॉर्डिंग आपोआप करतं, क्रिता आणि क्लिप स्टुडिओत ते आधी चालू करावं लागतं. चालू करा. कच्ची स्केचंही टाकू नका.

खालच्या मुलीकडे वळते. बाबांच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम होती, म्हणून क्रिता घातलं. सोबत पडदा नसलेला एक छोटा पेन टॅब्लेट, म्हणजे लॅपटॉपला जोडून पेनानं काढायची पाटी, घेतला. चांगल्या कंपन्यांचे असे टॅब्लेट तीन ते सहा हजारांत येतात. पहिल्या दिवशी तिनं काढलेला गोल अंड्यासारखा आला आणि ती हिरमुसली. हात बिघडला नव्हता. टॅब्लेटची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचं प्रमाण वेगळं होतं. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण सारखं ठेवण्याची खूण केली आणि गोल गोल आला. दुसऱ्या दिवशी पेनाचा दाबच लागेना, रेघ सगळीकडे सारखी जाड. क्रिताच्या सेटिंगमध्ये टॅब्लेटच्या पानावर विंटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय असतात, त्यातला दुसरा निवडून क्रिता बंद करून उघडलं, दाब लागला. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर, याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढे दिवस रोज अर्धा तास फक्त रेघा ओढायच्या, चित्र काढायचं नाही, असं मी तिला सांगितलं आणि तिनं ते ऐकलं.

महिन्यानं तिनं पहिलं चित्र पूर्ण केलं: खिडकीच्या गजांवर बसलेला पोपट, मागे फिकट पिवळी भिंत. टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात ए-४ प्रिंट काढून ती थेट माझ्याकडे आली. पोपट पडद्यापेक्षा मंद आला होता, आणि मला माझं शेत आठवलं. आम्ही प्रिंट लॅपटॉपशेजारी ठेवला आणि बराच वेळ नुसतं बघत बसलो. हिरवा आणखी भडक करून उपयोग नव्हता, शाईकडे त्यापुढचा हिरवा नव्हताच. तिनं भिंतीचा लेअर निवडला आणि पिवळ्याच्या जागी जुन्या विटेचा गडद तांबूस रंग भरला. पोपटाला तिनं हातही लावला नाही. दुसऱ्या प्रिंटमध्ये तोच हिरवा भिंतीवरून उठून दिसला.

बाबांनी पत्रिका पुन्हा काढली. टॅब्लेटचा आकडा लिहिला, त्याखाली दोन प्रिंटचे पैसे मांडले, आणि आयपॅडच्या ओळीवर काट मारली.